ज्वालाग्राही द्रवरसायने : हाताळणी व संरक्षक साधने (माणगाव परिसर)

साध्या तापमानालाच ज्यांची वाफ हवेत मिसळून ठिणगीसरशी पेट घेते, अशी द्रवरूप रसायने. ॲसिटोन, टोल्युइन, मिथेनॉल, हेक्झेन, पेट्रोल, रंगकामातील थिनर ही नेहमीची उदाहरणे. कारखान्यात यांतल्या बहुतेकांना सरसकट ‘सॉल्व्हंट’ म्हणतात. जळते ती त्यांची वाफ, द्रव नव्हे. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरपटत गटारात, खड्ड्यात उतरते आणि लांबच्या वेल्डिंगपाशी पेटून उगमापर्यंत परत येते.

ज्या किमान तापमानाला पेटण्याजोगी वाफ सुटू लागते तो फ्लॅश पॉइंट. ॲसिटोनचा उणे २० अंश सेल्सियसच्या आसपास, टोल्युइनचा ४, मिथेनॉलचा ११. पेट्रोलियम नियम, २००२ यांनुसार २३ अंशांखालील द्रव ‘अ’ वर्गात, २३ ते ६५ ‘ब’ वर्गात आणि ६५ ते ९३ ‘क’ वर्गात मोडतात; परवाने देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. डिझेल ‘ब’ वर्गातले, म्हणून लोक त्याला निरुपद्रवी समजतात. पण त्याचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ असावा एवढीच मानकाची अट आहे. माणगाव तालुक्यातील भिरा येथे मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंशांची नोंद झाली होती. त्या आकड्यावर पुढे शंका घेतली गेली, तरी एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखालचे पिंप पस्तिशी सहज ओलांडते.

तालुक्यात हा विषय दोन वाटांनी येतो. एक ताम्हिणी घाटाच्या बाजूचे विळे-भागाड औद्योगिक क्षेत्र. तेथील एका कारखान्यात डिसेंबर २०१९ मध्ये स्फोट होऊन कामगार भाजले होते. दुसरी वाट मुंबई-गोवा महामार्ग. महाड आणि लोटे-परशुरामकडचे टँकर माणगावच्या कोंडीत बाजारपेठेच्या अंगाला अंग लावून उभे राहतात. टँकरवरच्या फलकातील चार आकडी क्रमांक रसायन ओळखण्यासाठी असतो : १२०३ पेट्रोल, १२३० मिथेनॉल, १२९४ टोल्युइन. तो आधी वाचावा लागतो, कारण साधा फेस पेट्रोलवर टिकतो पण मिथेनॉलवर विरून जातो. तिथे अल्कोहोलरोधक फेसच हवा. शिवाय मिथेनॉलची ज्वाला भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. शेजारच्या महाड औद्योगिक वसाहतीत ३ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्ल्यू जेट हेल्थकेअरच्या कारखान्यात लागलेल्या आगीत ११ कामगार दगावले.

संरक्षक साधनांबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे ‘हातमोजे घातले की झाले’. नायट्राइलचा हातमोजा हेक्झेनला चांगला टिकतो, पण पातळ नायट्राइलमधून ॲसिटोन काही मिनिटांतच आरपार जातो. ॲसिटोनसाठी ब्युटाइल रबर लागते, आणि तेच ब्युटाइल टोल्युइनपुढे फार काळ तग धरत नाही, तिथे व्हायटॉन. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा हातमोजा टोल्युइनला दाद देत नाही, पण पाण्यात विरघळतो. कोकणच्या पावसाळ्यात त्याचा काय उपयोग? कोणते साधन घ्यावे हे रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकाच्या आठव्या भागात असते. हे पत्रक बहुधा कार्यालयातल्या फाइलीत असते आणि पिंप उघडणारा ठेकेदाराचा माणूस शेडमध्ये.

धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचे कार्ट्रिज ती शोषते, पण प्राणवायू पुरवत नाही. टाकीत उतरायचे तर बाहेरून हवा पुरवणारे उपकरण, परवाना आणि तोंडाशी उभा जोडीदार हवा. डोळ्यांना चष्म्याऐवजी चहूबाजूंनी बंद गॉगल, आणि उडालेच तर किमान १५ मिनिटे पाण्याची धार. कपडे सुती, टेरिलीन वितळून कातडीला चिकटते. साध्या रबरी गमबुटाने अंगावरचा विद्युतभार जमिनीत जात नाही, म्हणून पायात अँटिस्टॅटिक बूट असावेत. याच कारणाने प्लास्टिकचा रेनकोट रसायन भरण्याच्या जागी काढू-घालू नये.

स्थिर विद्युत हा इथला अदृश्य शत्रू. टोल्युइन नळीतून वाहतानाच भार साठतो. हवा दमट, मग ठिणगी कसली, असा दिलासा पावसाळ्यात ऐकू येतो. पण दमटपणा पृष्ठभागावरचा भार कमी करतो, द्रवातला नाही. दोन्ही भांडी तारेने जोडून अर्थिंग करावे, नळी तळापर्यंत सोडावी आणि सुरुवातीला सावकाश भरावे. अर्थिंगचा चिमटा रंगावर किंवा गंजावर बसला तर न लावल्यासारखाच, आणि खाऱ्या दमट हवेत गंज लवकर चढतो. प्लास्टिकच्या बादलीला अर्थिंग देताच येत नाही.

रिकामे पिंप भरलेल्यापेक्षा धोक्याचे. तळाशी उरलेल्या पेलाभर टोल्युइनची वाफ आतल्या हवेत मिसळते, आणि १.१ टक्का प्रमाणही स्फोटाला पुरते. टंचाईच्या दिवसांत अशी पिंपे पाणी साठवायला भंगारातून घेतली जातात व तोंड मोठे करण्यासाठी गॅस कटरने कापली जातात. झाकण उघडे ठेवून चार दिवस उन्हात टाकल्याने पिंप सुरक्षित होत नाही. वाफ जड असल्याने ती आतच बसून राहते.