महावीराचार्यांचा उंटांचा कळप

जैन परंपरेने गणिताला शास्त्रस्वाध्यायाचे अंग मानले. लोकाचे परिमाण व जीवराशींची संख्या सांगावयाची तर गणिताविना गत्यंतर नव्हते. आज शाळेत ‘परिमेय घातांक’ या नावाने शिकविला जाणारा विचार या परंपरेत फार पूर्वीच शब्दरूपाने आलेला आहे. श्वेतांबर आगमांतील अनुयोगद्वारसूत्रात पहिल्या वर्गमूळास दुसऱ्या वर्गमूळाने गुणिले असता दुसऱ्या वर्गमूळाचा घन येतो, असा नियम आढळतो. उदाहरणार्थ, २५६ चे पहिले वर्गमूळ १६ व दुसरे ४. त्यांचा गुणाकार ६४, म्हणजेच ४ चा घन. आजच्या भाषेत अर्धा घात आणि पाव घात मिळून पाऊण घात झाला. चिन्हे अर्थातच नंतरची आहेत.

दिगंबर परंपरेतील महावीराचार्य (भगवान महावीरांहून अर्थातच भिन्न) राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग (इ.स. ८१४ ते ८७८) यांच्या काळी होऊन गेले. इ.स. ८५० च्या सुमारास रचलेल्या त्यांच्या ‘गणितसारसंग्रह’ ग्रंथातील एक उदाहरण मोठे रमणीय आहे. उंटांच्या कळपाचा चौथा भाग वनात दिसला, कळपाच्या वर्गमूळाची दुप्पट डोंगरउतारावर गेली आणि १५ उंट नदीकाठी राहिले. तर एकूण उंट किती?

येथे अज्ञात संख्या आणि तिचा अर्धा घात एकाच समीकरणात आहेत. वर्गमूळास ‘य’ मानले की ३य² − ८य − ६० = ० असे रूप मिळते. त्याचे अवयव (य − ६)(३य + १०) असे पडतात. य = ६ घेतल्यास उंट ३६; वनात ९, डोंगरावर १२, नदीकाठी १५. दुसरी किंमत ऋण आहे. तिचा वर्ग १००/९ येतो, म्हणजे अकरा उंट आणि एका उंटाचा नववा हिस्सा! कळपाचे वर्गमूळ ऋण असू शकत नाही, म्हणून ही किंमत सोडावी लागते. वर्ग करताच ऋणचिन्ह लोपते आणि विद्यार्थी नेमका येथेच फसतो. म्हणून उत्तर मूळ उदाहरणात घालून पाहणे अगत्याचे.

तथापि अवयव पाडण्याची ही रीत आचार्यांची नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंपरेचा अभिमान बाळगताना नसलेले श्रेय तिच्या पदरात घालू नये. त्यांच्या रीतीत वर्गमूळाचा गुणक २ व राशी १५ यांना उरलेल्या पाऊण भागाने भागतात. ८/३ व २० येतात. ८/३ चे अर्धे ४/३, त्याचा वर्ग १६/९. त्यात २० मिळविले की १९६/९. याचे वर्गमूळ १४/३. त्यात ४/३ मिळविता ६ आणि वर्ग केला की ३६. धन राशीस धन व ऋण अशी दोन्ही वर्गमुळे असतात आणि ऋण राशी स्वभावतःच वर्ग नसल्याने तिला वर्गमूळ नाही, हेही त्यांनी सांगून ठेवले आहे.

हा ग्रंथ १९१२ साली मद्रास येथे एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. पुढे १९६३ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो निघाला. उंटांचे हे उदाहरण त्यातील प्रकीर्णक व्यवहारात आहे.