फक्कीचा हिशेब

आमच्या घरी हॉकीचे दोन इतिहास नांदत होते. एक आप्पांच्या वहीत, दुसरा अण्णांच्या तोंडी. दोघांचा मेळ कधी बसला नाही आणि तो बसवावा असं दोघांनाही कधी वाटलं नाही.

आप्पा म्हणजे माझे आजोबा. खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत कारकून. हॉकीची स्टिक त्यांनी जन्मात हाती घेतली ती फक्त मोजायला. अण्णा पलीकडच्या क्वार्टर्समधले, त्याच फॅक्टरीत फिटर, आणि जिल्ह्याच्या लीगमध्ये बरीच वर्षं गोलकीपर. अण्णा तमिळ. खडकीत 'अण्णा' अशी हाक मारली की मराठी माणूसही वळून बघतो आणि तमिळही, कारण दोन्हीकडे तो थोरला भाऊच. फॅक्टरी १८६९ सालची. तिच्या भोंग्यावर उठणारी ही वस्ती लष्कराच्या शेजारानं हॉकी शिकली, आणि गोरे गेल्यावर हॉकी मागे राहिली.

रविवारी संध्याकाळी अण्णा आले की आधी 'बुली' व्हायची. जुन्या नियमात सामना बुलीनं सुरू होई: समोरासमोरच्या दोघांनी स्टिक एकदा जमिनीला आणि एकदा एकमेकींना, अशी तीनदा टेकवायची आणि मग चेंडूवर झडप घालायची. आमच्या ओट्यावर आप्पांची छत्री आणि अण्णांची काठी. चेंडूच्या जागी आजीचा अडकित्ता. आजी आतून म्हणायची, "झालं का पोरांचं?" मग चहा यायचा, आणि चहानंतर इतिहास.

संघटनेचं वर्ष कागदावर १ एप्रिलला सुरू होई. आप्पांचं वर्ष दसऱ्यानंतर, पावसानं मैदान सोडलं की. आप्पा जिल्हा संघटनेचे खजिनदार होते. ते कसे झाले, तर एका सर्वसाधारण सभेला ते फक्त चहापाण्याचे पैसे द्यायला गेले होते आणि सभेला त्यांच्याखेरीज कुणाच्या खिशात पेन नव्हतं. ही अण्णांची हकीकत. वहीत एवढंच आहे: 'सर्वानुमते निवड.'

दसरा ते दिवाळी क्लबांची नोंदणी चाले. फॉर्म, वर्गणी, खेळाडूंच्या सह्या. एकेक पोरगा दोन-दोन क्लबांच्या फॉर्मवर सही करून मोकळा होई. एका क्लबानं बूट दिलेले असत, दुसऱ्यात मामा असे. मग तंटा, मग कार्यकारिणीची बैठक. सामन्यांची सोडत आमच्याच घरी निघायची: चिठ्ठ्या पितळी तपेल्यात, काढायला माझी आत्या, तेव्हा सहा-सात वर्षांची. सलग दोन वर्षं एकाच क्लबाला सोपा गट आला, तेव्हा दुसऱ्या क्लबानं सहा वर्षांच्या मुलीवर पक्षपाताचा आरोप केला. तक्रार लेखी होती. आप्पांनी ती फाइलला लावली.

मैदान आपलं नव्हतं, कधीच नव्हतं. दरवर्षी परवानगीचा अर्ज करायचा आणि साहेब बदलला की पुन्हा पहिल्यापासून ओळख करून द्यायची. जमीन मुरमाची. सामन्याच्या आदल्या दिवशी रोलर फिरवायचा, पाणी मारायचं आणि पहाटे फक्की. फक्कीवर आप्पांचा फार जीव. मैदान शंभर यार्ड लांब, साठ रुंद. कडेच्या चारी रेषा धरून ३२० यार्ड, मधली रेषा ६०, पंचवीस यार्डांच्या दोन रेषांचे १२०, आणि दोन्हीकडच्या 'डी'चे मिळून १०८. म्हणजे एका आखणीला सहाशे आठ यार्ड फक्की. हे गणित त्यांनी मला पाढ्यांसारखं पाठ करून घेतलं होतं. "गोल किती झाले ते कुणीही सांगेल," म्हणायचे, "फक्की किती लागली ते विचार."

खर्चाच्या बाजूला फक्कीखालोखाल चेंडू. बुचाच्या गाभ्यावर चामडं शिवलेला, पांढरा रंग दिलेला चेंडू. रंग उडाला की घरी पुन्हा रंगवायचा. वहीत एके ठिकाणी आहे: '१ चेंडू, मुळा नदी.' त्यापुढे कंसात फटका मारणाऱ्याचं नाव, आणि त्याच्याकडून निम्मे पैसे वसूल. जमेच्या बाजूला वर्गणी, किरकोळ देणग्या आणि प्रोटेस्ट फी. पंचांचा निकाल मान्य नसेल तर पैसे भरून तक्रार करायची. तक्रार खरी ठरली तर पैसे परत, नाहीतर जप्त. एका वर्षी शिल्लक पडली ती केवळ या जप्तीवर. अण्णा म्हणायचे, "आमच्या भांडणावर चालायची रे असोसिएशन."

आता १९२८ची गोष्ट. ही आप्पांची नव्हे, त्यांच्या वडिलांची. पणजोबा मुंबईत गोदीत कारकून होते, आणि घरात पिढीजात कथा अशी की, ऑलिंपिकला निघालेल्या पहिल्या हॉकी संघाला त्यांनी बॅलार्ड पिअरवर हात हलवून निरोप दिला. ध्यानचंद बोटीच्या कठड्याशी उभा होता आणि त्यानंही हात हलवला. माझ्या लहानपणी या गोष्टीत वर्षागणिक गर्दी वाढत गेली. शेवटी शेवटी तर बँड होता.

कॉलेजात असताना ध्यानचंदांचं आत्मचरित्र 'गोल' हाती आलं. १९५२ सालचं. संघ १० मार्च १९२८ला 'कैसर-इ-हिंद' बोटीनं मुंबईहून निघाला, इथवर पणजोबा बरोबर. पण निरोपाला आले होते मोजून तीन जण: हॉकी फेडरेशनचे अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि एक पत्रकार. बँड तर सोडाच.

त्या पुस्तकात आणखीही एक गोष्ट होती, आणि ती आमच्या घरी कुणीच सांगितली नव्हती. फेडरेशन तीन वर्षांचं पोर, १९२५ साली ग्वाल्हेरला जन्मलेलं. तिजोरीत पंधरा हजार रुपये कमी पडत होते. मुंबई, मद्रास आणि ब्रह्मदेश या प्रांतांनी मदत नाकारली. नॉरिस आणि शौकत अली या दोघांना मागे ठेवून अकरा जणांनीच जायचं ठरत होतं. शेवटी बंगालनं पैसे उभे केले आणि दोघंही बोटीत चढले. निघण्याआधी याच संघाचा मुंबईच्या संघाशी सामना झाला, आणि मुंबईनं त्यांना ३–२ असं हरवलं. पुढे अ‍ॅमस्टरडॅमला त्यांनी पाच सामन्यांत २९ गोल केले आणि एकही खाल्ला नाही.

मी पुस्तक घेऊन ओट्यावर गेलो. खोटं पकडल्याचा आनंद वाईट असतो, पण मला तो झाला होता. आप्पांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं. निरोपाच्या ओळीवरून ते सरळ पुढे गेले आणि पंधरा हजारांवर थांबले. "पैसे दिले नाहीत," ते हळूच म्हणाले, "वर तीन गोल घातले. वा रे मुंबई." मग बराच वेळ गप्प.

मी म्हटलं, "आप्पा, पण निरोपाला तीनच माणसं होती."

"तीन म्हणजे पदाधिकारी नि पेपरवाला," आप्पा म्हणाले. "हमाल, खलाशी, कारकून यांना कोण मोजतंय? बोट आपोआप सुटली होय?"

अण्णांनी काठी आपटून हसून दाद दिली. मला ते उत्तर तेव्हा पळवाट वाटलं. अजूनही अर्धी पळवाटच वाटते. पण त्या दिवसापासून आप्पांच्या गोष्टी बदलल्या. १९३२ साली लॉस एंजेलिसला अमेरिकेवर २४ गोल झाले, त्यातले दहा रूपसिंगचे, हे अण्णा हातवारे करून सांगायचे. आप्पा मध्येच म्हणायचे, "आणि प्रवासाला कर्ज काढलं होतं. ते फेडायला वाटेत गावोगाव सामने खेळत हिंडले बिचारे." अण्णांना राग यायचा. गोष्ट रंगात आली की हा माणूस पावती फाडतो, असं ते म्हणत.

अण्णांच्या गोष्टी मात्र देखण्या. १९४८ला वेम्बलीवर इंग्रजांना ४–० हरवलं, तेव्हा गोलमध्ये उभा होता मुंबईचा लिओ पिंटो. गोलकीपर म्हणून अण्णांचा तो देव. चौघांपैकी दोन गोल बलबीरसिंगचे, पण अण्णांच्या सांगण्यात तो सामना म्हणजे पिंटोनं अडवलेले चेंडू, बाकी सगळं किरकोळ. स्टिकांबद्दलही तसंच. तुतीच्या लाकडाची सियालकोटची स्टिक हाच एक शब्द. फाळणीनंतर तिथले कारागीर जालंधरला आले आणि तिथे कारखाने उभे राहिले, तरी अण्णा 'सियालकोट' म्हणताना डोळे मिटायचे. त्यांनी स्वतः ती स्टिक वापरली असेल असं वाटत नाही. माणसं वयानं जेवढी नसतात तेवढ्या आठवणी सांगतात.

धनराजचंही तसंच. धनराज पिल्ले खडकीचा, १९६८चा. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करत. भावांबरोबर तुटक्या, दोरीनं बांधलेल्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन तो फॅक्टरीच्या कॉलनीत खेळला, तिथून मुंबईला गेला, आणि चार ऑलिंपिक व चार विश्वचषक खेळला. १९९८ला बँकॉकला आशियाई सुवर्ण मिळालं तेव्हा कप्तान तोच. त्याला 'पहिली स्टिक मीच दिली' म्हणणारे खडकीत इतके भेटतात की, ते सगळे खरे असते तर तुटक्या स्टिकांनी खेळायची वेळ त्याच्यावर आलीच नसती. अण्णा तसं म्हणत नसत. ते म्हणत, "त्याच्या बापानं मैदान राखलं. ते बघ." हे वाक्य आप्पांना शोभलं असतं.

१९७६ला माँट्रियलला ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि आदल्याच वर्षी क्वालालंपूरला विश्वचषक जिंकलेला भारत सातवा आला. अण्णांनी त्याचं खापर गवतावर फोडलं. मुरमावर चेंडू कधी खड्यावर उडतो, कधी दबतो. तो रोखायचा, वश करायचा, हेच तर आपलं कसब. आप्पांनी कुठून तरी त्या गवताची किंमत मिळवली आणि वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं: एवढ्या पैशांत आपल्या संघटनेला किती वर्षं फक्की पुरली असती. उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि पान उलटलं. पुढे बालेवाडीला आणि पिंपरीत नेहरूनगरला तसली मैदानं झाली. खडकीची पोरं बस बदलत तिथे जाऊ लागली. गवताला फक्की लागत नाही. रेषा त्यातच असतात.

१९८२ मात्र दोघांपैकी कुणीच नीट सांगितलं नाही. १ डिसेंबरला दिल्लीत आशियाई स्पर्धेची फायनल झाली आणि पाकिस्ताननं आपल्याला ७–१ हरवलं. अख्खी चाळ एका टीव्हीसमोर होती. अण्णा चौथ्या गोलनंतर उठून गेले. पुढे कित्येक वर्षं सातही गोल कसे झाले हे खडकीत कुणीही सांगत असे. आत्या ऐकत बसायची. ती कॉलेजात हॉकी खेळली होती, महिलांच्या संघटनेतून, कारण तेव्हा बायकांची संघटना वेगळी आणि तिची चणचण आणखी वेगळी. मैदान मिळायचं ते पुरुषांचे सामने संपल्यावर, रेषा पुसत आल्यावर. एकदा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "त्याच स्पर्धेत बायकांनी सुवर्ण आणलं. कप्तान पुण्याची होती, एलायझा नेल्सन. सांगा बरं, फायनल कुणाशी झाली?" कुणाला सांगता आलं नाही. खरं तर फायनल नव्हतीच, साखळी पद्धत होती. तिला तेच हवं होतं.

आप्पांनी वही उघडून दाखवली. महिला संघाला फक्कीचं अर्धं पोतं, 'उसने'. परत आल्याची नोंद नाही. "मागितलं नाही मी," ते म्हणाले. आत्या म्हणाली, "पूर्ण पोतं द्यायचं होतं, आप्पा."

२००८ला दिल्लीतलं जुनं फेडरेशन वादात बुडालं, दुसऱ्या वर्षी हॉकी इंडिया आली, आणि ठिकठिकाणी मान्यतेची भांडणं लागली. आपण नक्की कुणाचे खेळाडू, हे पोरांना कळेना. आप्पा तोवर ओट्यावरून उठत नव्हते. अण्णा आधीच गेले होते. छत्री एकटी राहिली.

गेल्या पावसाळ्यात घरी एक लिफाफा आला. आप्पांच्या नावे, हुद्द्यासकट: खजिनदार. संघटनेचे मागचे हिशेब सादर करावेत. आप्पांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. नवे पदाधिकारी निवडून आले की बदल-अर्ज भरावा लागतो, तो आमच्या मंडळींनी कधी भरलाच नव्हता. कागदावर आप्पा अजून पैसे मोजत होते.

मी आत्याला फोन केला. म्हटलं, काय उत्तर देऊ?

"हिशेब मागितलाय ना? मग दे," ती म्हणाली. "वही आहे की."

ट्रंकेतून वही काढली. शेवटच्या पानावर, थरथरत्या अक्षरात: शिल्लक रु. ४१.३५. चेंडू ३, पैकी १ फाटका. फक्की अर्धं पोतं, येणे.