पित्ताची गोळी आणि जठरातील संप्रेरक

पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे आयटी पार्क आहे आणि लघुउद्योगही. तेथून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक ठिकाणी काम पाळ्यांमध्ये चालते. रात्रपाळी, अवेळी जेवण व वारंवार चहा यांमुळे छातीत जळजळ होऊ लागली की 'पित्ताची गोळी' घेतली जाते. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यावयाची असली, तरी व्यवहारात ती सहज मिळतात आणि महिनोन्‌महिने घेतली जातात. गोळी थांबवताच जळजळ उसळते व आजार बळावल्याचा समज होतो. प्रत्यक्षात यामागे अनेकदा गॅस्ट्रिन हे संप्रेरक असते.

गॅस्ट्रिनचा शोध ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन एडकिन्स यांनी १९०५ मध्ये लावला. जठराच्या खालच्या भागातील 'जी' पेशी ते रक्तात सोडतात. त्याच्या प्रभावाने जठरातील विशिष्ट पेशींतून हिस्टामाइन स्रवते आणि हिस्टामाइनमुळे आम्ल तयार करणाऱ्या पेशी कार्यरत होतात. आम्ल पुरेसे झाले की सोमॅटोस्टॅटिन हे दुसरे संप्रेरक गॅस्ट्रिनला आवर घालते. अशा रीतीने आम्ल स्वतःच स्वतःवर नियंत्रण ठेवते.

रॅनिटिडीन, फॅमोटिडीन ही औषधे हिस्टामाइनचा मार्ग अडवतात, तर १९८८ मध्ये प्रथम बाजारात आलेले ओमेप्राझोल व त्याच्या गटातील औषधे आम्ल बाहेर टाकणारा पेशीतील 'पंप'च बंद करतात. आम्ल घटल्याने सोमॅटोस्टॅटिनचा आवर सुटतो आणि गॅस्ट्रिन वाढते. पंप बंद करणाऱ्या औषधांनी ही वाढ अधिक होते. दीर्घकाळ वाढलेल्या गॅस्ट्रिनमुळे हिस्टामाइन स्रवणाऱ्या पेशीही वाढतात. गोळी बंद होताच ही सज्ज यंत्रणा नेहमीपेक्षा अधिक आम्ल तयार करते.

डेन्मार्कमधील संशोधकांनी २००९ मध्ये याचा पुरावा प्रसिद्ध केला. पित्ताचा कोणताही त्रास नसलेल्या १२० निरोगी व्यक्तींपैकी निम्म्यांना ८ आठवडे इसोमेप्राझोल आणि नंतर ४ आठवडे औषधविरहित गोळी देण्यात आली. उरलेल्यांना १२ही आठवडे औषधविरहित गोळीच मिळाली. औषध थांबवल्यानंतरच्या ४ आठवड्यांत पहिल्या गटातील ४४ टक्के, तर दुसऱ्या गटातील केवळ १५ टक्के लोकांना आम्लाशी निगडित त्रास जाणवला.

उंदरांना आयुष्यभर मोठी मात्रा दिल्यावर जठरात याच पेशींच्या गाठी आढळल्या होत्या. माणसांत मात्र तसा धोका सिद्ध झालेला नाही. तथापि, या औषधांमुळे रक्तातील गॅस्ट्रिन व क्रोमोग्रॅनिन-ए यांची पातळी वाढून गाठीचा खोटा संशय निर्माण होऊ शकतो. त्यामुळे अशा तपासणीपूर्वी गोळी चालू असल्याचे सांगणे आवश्यक ठरते.

इतर संप्रेरकांवरील परिणाम मर्यादित आहेत. १९७६ मध्ये आलेल्या सिमेटिडीनने मोठ्या मात्रेत काही पुरुषांमध्ये स्तनवृद्धी होत असे, कारण ते पुरुषी संप्रेरकांच्या कार्यात अडथळा आणते. आपल्याकडे पॅन्टोप्राझोलसोबत एकाच कॅप्सूलमध्ये मिळणारे डोम्पेरिडोन प्रोलॅक्टिन वाढवते. त्यामुळे मासिक पाळी अनियमित होणे किंवा स्तनांतून दूध येणे असे त्रास संभवतात. हा परिणाम आम्लरोधकाचा नसून जोडऔषधाचा असतो. दीर्घकाळ गोळी घेणाऱ्या काहींच्या रक्तातील मॅग्नेशियम घटते. ते फार घटल्यास पॅराथायरॉइड संप्रेरकाचा स्राव मंदावून कॅल्शियमही उतरते. याविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये इशारा दिला होता.

याचा अर्थ गोळी सर्वांनीच थांबवावी, असा नाही. रक्तस्राव झालेला व्रण, अन्ननलिकेची तीव्र जखम किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना ती संरक्षक ठरते. इतरांच्या बाबतीत डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करतात किंवा उसळीच्या काळापुरते साधे अँटासिड देतात. उसळी बहुधा काही आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही जळजळ टिकली, किंवा गिळताना अडचण, वजनात घट, काळा शौच अशी लक्षणे दिसली, तर पुन्हा स्वतःहून गोळी सुरू न करता तपासणी करून घ्यावी.