साधन, सूची आणि ग्रंथपाल : खानदेशातील संशोधनाची एक बाजू

मराठीतील संशोधनाचा इतिहास प्रायः संग्राहकांचा आणि संपादकांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. अमुकांनी दफ्तरे मिळवली, अमुकांनी मठ धुंडाळले, अमुकांनी पाठ निश्चित केला, अशा क्रियापदांनी तो पुढे सरकतो. मिळालेले कागद पुढच्या अभ्यासकाला सापडावेत म्हणून ज्यांनी ते लावले, क्रमांकित केले, नोंदले, त्यांचा उल्लेख फार तर ऋणनिर्देशातील एका औपचारिक वाक्यात येतो. ही केवळ सौजन्यातील उणीव नव्हे. ‘साधन’ या संकल्पनेविषयीचे आपले आकलनच त्यामुळे अपुरे राहते. कागद अस्तित्वात असणे आणि तो साधन म्हणून उपलब्ध असणे या दोन अवस्थांमध्ये ग्रंथपालाचे काम उभे असते. धुळे व जळगाव येथील दोन उदाहरणांवरून हे स्पष्ट करता येईल.

धुळ्यात १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा स्थापन झाली. शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठांतील हस्तलिखिते जमवली आणि कल्याणस्वामींच्या हस्ताक्षरातील डोमगावच्या प्रतीवरून १९०५ मध्ये ‘दासबोध’ प्रसिद्ध केला. पुढे हा संग्रह समर्थ वाग्देवता मंदिरात स्थिरावला. वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच निधन झाले. त्यानंतर १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले, तर १९३२ पासून ‘संशोधक’ हे त्याचे नियतकालिक निघू लागले. एका जिल्ह्याच्या गावी असे दोन संग्रह असणे ही असामान्य गोष्ट होय.

परंतु हस्तलिखितांच्या संग्रहाचे एकक ‘ग्रंथ’ नसून ‘बाड’ असते, हे लक्षात घेतले पाहिजे. एकाच बाडात आरंभी एखादे प्रकरण, मध्ये निरनिराळ्या कवींची पदे, शेवटी एखादे आख्यान किंवा औषधाचा पाठ असू शकतो. सूचीत केवळ पहिल्या रचनेचे नाव नोंदले गेले, तर उरलेल्या रचना अभ्यासकाच्या दृष्टीने नसल्यातच जमा होतात. आतील रचनांची नोंद करायची तर लिपी वाचता यावी लागते, एक रचना कोठे संपली आणि दुसरी कोठे सुरू झाली हे ठरवावे लागते, नाममुद्रेवरून कर्तृत्वाविषयी निर्णय घ्यावा लागतो. ही पाठचिकित्सेचीच पहिली पायरी होय. नोंद करणारा समीक्षेच्या बाहेर नसतो.

छापील साहित्याला ही अडचण नसते, असा एक समज आहे. जळगावच्या ‘काव्यरत्नावली’चे उदाहरण त्याला छेद देते. नारायण नरसिंह फडणीस यांनी केवळ कवितेला वाहिलेले हे मासिक १८८७ मध्ये सुरू केले व ते १९३५ पर्यंत चालले. फडणीसांच्याच पुढाकाराने १९०७ मध्ये जळगावला भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना ‘बालकवी’ ही उपाधी मिळाली. केशवसुत (मृत्यू १९०५) आणि बालकवी (मृत्यू १९१८) या दोघांचेही संग्रह त्यांच्या हयातीत निघाले नाहीत. त्यामुळे त्यांच्या कवितांचा छापील आद्यपाठ शोधायचा तर मासिकांच्या अंकांकडेच जावे लागते.

येथे शोध वारंवार अडतो. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’ने १८०० ते १९५० या काळातील पुस्तकांचा माग सुकर केला, पण मासिकाच्या पोटातील कविता ग्रंथसूचीत येत नाही. अंक बांधताना मुखपृष्ठे काढून टाकली गेली असतील, तर महिना आणि वर्ष यांचा आधार नाहीसा होतो. एकच कवी एका नोंदीत ‘ठोंबरे’, तर दुसरीत ‘बालकवी’ म्हणून येतो. स्थलनामांचेही तसेच आहे. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले, पुढे त्यांचे जळगाव व धुळे जिल्हे झाले, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. नंदुरबार परिसरातील कागद शोधणाऱ्याला म्हणूनच काळानुसार खानदेश, पश्चिम खानदेश व धुळे अशा तीन नावांखाली पाहावे लागते. अनुभवी ग्रंथपाल हे सांगतो तेव्हा तो केवळ कपाट दाखवत नसतो. अभ्यासकाचा प्रश्नच तो नीट मांडून देत असतो.

अंकीकरणामुळे हे काम संपले, असे आता मानले जाते. वस्तुतः प्रतिमा संगणकावर आली तरी ती जुन्या नोंदीच्याच नावाने शोधली जाते. नोंदीतील उणीव तशीच पुढे जाते, आणि ‘सापडत नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा लावण्याचा मोह मात्र वाढतो. दुसरीकडे, जे ज्ञान नोंदीत कधीच उतरले नाही, ते जाणत्या ग्रंथपालाच्या निवृत्तीबरोबर संग्रहातून निघून जाते. हे नुकसान वाळवीने खाल्लेल्या पोथीइतकेच खरे असते; फक्त ते दिसत नाही.

तेव्हा प्रबंधाच्या संशोधनपद्धतीच्या प्रकरणात केवळ साधनांची यादी पुरेशी नाही. साधन कोणत्या संग्रहात, कोणत्या नोंदीवरून आणि कोणाच्या साहाय्याने मिळाले, हेही लिहिले गेले पाहिजे. तसेच संग्रहात बसून सापडलेली बाडातील अनामिक रचना किंवा अंकाची निश्चित झालेली तारीख अभ्यासकाने सूचीत परत नोंदवून घेतली पाहिजे. संग्रहाकडून घेतलेले हे ऋण फेडण्याचा याहून प्रामाणिक मार्ग नाही.