परीक्षकांची परीक्षा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रेल्वेच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराज्य व्यापार आयोगाकडे १९३५ च्या मोटारवाहक कायद्याने जेव्हा राज्याराज्यांतून धावणाऱ्या मालमोटारी व उतारूंच्या मोटारी यांचीही व्यवस्था सोपविली, तेव्हा त्या हाकणारा इसम कसा असावा, हे ठरविण्याचे काम ओघानेच त्याच्याकडे आले. १९३७ मध्ये अमलात आलेल्या पहिल्या नियमांची भाषा मोठी मोघम होती. चालकाचे शरीर व मन निकोप असावे, दृष्टी चांगली असावी, कानांनी पुरेसे ऐकू यावे, अमली द्रव्यांचे व्यसन व मद्याचा अतिरेक नसावा, एवढ्यावर त्यांची धाव संपे. निकोप म्हणजे किती निकोप, आणि तसा निर्वाळा द्यावयाचा कोणी, याविषयी आयोगाने मौनच धरले होते.

यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचा निकाल १९३९ च्या सुधारित नियमांनी लावला. नव्याने चाकरीस लागणाऱ्या चालकाने परवानाधारक डॉक्टरकडून देहपरीक्षा करवून घेऊन तसा दाखला आणावा, असा शिरस्ता त्यांनी घालून दिला. पुढे ही तपासणी ठराविक मुदतीने पुनःपुन्हा करण्याचे बंधन आले आणि ती मुदत अखेर जास्तीत जास्त चोवीस महिन्यांवर स्थिरावली. आयोगाचे हे दप्तर १९६७ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या वाहतूक खात्याकडे गेले, आणि त्या खात्याने १९७० मध्ये केलेल्या नियमांनी पहिल्या प्रश्नाचेही उत्तर बारकाईने देऊन टाकले. निर्दोष दृष्टीच्या माणसास जे अक्षर चाळीस फुटांवरून वाचता येते ते चालकास, चष्मा लावून का होईना, प्रत्येक डोळ्याने निदान वीस फुटांवरून वाचता यावे. सिग्नलचे लाल, हिरवे व पिवळे रंग ओळखता यावेत. पाच फुटांवरून कोणी जोर देऊन कुजबुजले तर निदान एका कानाने ते ऐकू यावे. फेफऱ्याचा विकार असलेल्यास, तसेच इन्शुलीन घेणाऱ्या मधुमेह्यास चाकामागे बसण्याची मुभा असू नये. (इन्शुलीनविषयीची ही सरसकट बंदी २०१८ मध्ये उठली.)

चालकाच्या देहाचा असा कसून हिशेब मागणाऱ्या या नियमांनी डॉक्टरकडून मात्र त्याच्या सहीपलीकडे काही मागितले नाही. चाळीस वर्षे डोळ्यांच्या साथी पाहिलेला खेड्यातला वैद्य असो की शहरातला हृदयरोगतज्ज्ञ, अवजड वाहन चालविणाऱ्याच्या प्रकृतीत नेमके काय शोधावयाचे याचे ज्ञान त्याला असणारच, असे गृहीत धरले गेले. आणि १९९२ मध्ये डॉक्टरांचे साहाय्यक, प्रगत प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका व हातांनी मणक्यांवर उपचार करणारे कायरोप्रॅक्टर यांनाही, त्यांच्या राज्याची अनुमती असल्यास, हाच अधिकार मिळाला, तेव्हा हे गृहीतक अधिकच विस्तारले. अधिकार वाढवू नये असे मी म्हणत नाही; दूरच्या वस्त्यांत डॉक्टर मिळणे कठीण, हे कारण खरेच होते. परंतु दाखला देणाऱ्यांची एकत्र यादी वाहतूक खात्यापाशी नव्हती, दाखला चालकाच्या खिशात राही, आणि एका दवाखान्यात नाकारला गेलेला चालक दुसऱ्या दवाखान्यात जाऊन मागची हकीकत दडवू शके, हा दोष तसाच राहिला. त्यातून चालकाची रोजीरोटी त्या कागदावर अवलंबून. ज्या प्रश्नाचे खरे उत्तर दिल्याने घरची चूल विझेल, त्याचे खरे उत्तर आपण होऊन देणारे किती निघतील?

या व्यवस्थेचे पितळ ९ मे १९९९ रोजी उघडे पडले. तो मातृदिनाचा रविवार होता. बहुतांशी वयोवृद्ध उतारूंना मिसिसिपीतील एका द्यूतगृहाकडे घेऊन निघालेली मोटार न्यू ऑर्लिन्स शहरातच महामार्ग सोडून भरकटली, कठडा तोडून बांधावर आदळली, आणि २२ माणसे प्राणास मुकली. चौकशीत निष्पन्न झाले ते असे, की चालकाची मूत्रपिंडे निकामी झालेली होती, हृदय दुबळे होते, पूर्वीच्या महिन्यांत त्याला उपचारांसाठी वारंवार रुग्णालयाची पायरी चढावी लागली होती, त्याच्या शरीरात गांजाचा अंश होता, आणि इतके असूनही त्याच्यापाशी मुदतीतला वैद्यकीय दाखला होता. आजार त्याने लपविला, हे खरे. परंतु राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००१ च्या अहवालात चालकाच्या आजाराबरोबर, त्याला हुडकून काढून रस्त्यावरून दूर करू न शकलेल्या दाखल्याच्या पद्धतीसही अपघाताचे कारण ठरविले, आणि दाखला देणारे लोक त्या कामास लायक असावेत व त्यांस चालकाच्या व्यवसायाच्या गरजांचे शिक्षण मिळावे अशी शिफारस केली. माझ्या मते या अहवालाचे मोल या एका निष्कर्षात आहे. मेलेल्या चालकावर सारा ठपका ठेवून दप्तर बंद करणे अगदीच सोपे होते.

शिफारस कायद्यात उतरली ती २००५ साली, आणि कायद्याची अंमलबजावणी आणखी रेंगाळली. दरम्यान, २००८ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखातपासणी कार्यालयाने सरकारी दप्तरे ताडून पाहिली, तेव्हा व्यावसायिक परवाना बाळगणारे सुमारे ५,६३,००० लोक सरकारकडून पूर्ण अपंगत्वाचा लाभ मिळण्यास पात्र ठरलेले आढळले. असा प्रत्येक इसम गाडी चालविण्यास नालायकच असतो असे नाही, हे त्या कार्यालयानेही मान्य केले; तरीही आकडा झोप उडविणारा होता. अखेर २०१२ च्या नियमाने प्रमाणित वैद्यकीय परीक्षकांची राष्ट्रीय नोंदवही उघडली, आणि २१ मे २०१४ पासून त्या नोंदवहीत ज्याचे नाव आहे त्याच्याच सहीचा दाखला ग्राह्य झाला. नाव चढविण्यासाठी विहित प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते, दर पाच वर्षांनी उजळणी करावी लागते, दहा वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी लागते. केलेल्या प्रत्येक तपासणीचा निकाल सरकारला कळवावा लागतो, आणि कसूर आढळल्यास नाव काढूनही टाकले जाते.

एवढ्याने सारे साधले, असे मानण्याचे कारण नाही. परीक्षकाचे अज्ञान नोंदवहीने दूर होऊ शकते. चालकाने लपविलेले आजारपण तिला दिसत नाही, आणि तपासणीची फी चालक किंवा त्याची कंपनी देत असल्याने परीक्षकावर येणारा दाबही तिने उठत नाही. तरीही सही करणाऱ्यास जाब विचारता येतो, हा लाभ लहान नव्हे. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालील नमुना १-अ या वैद्यकीय दाखल्यावर सही करणारा, राज्य सरकारने त्या कामी नेमलेला नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक असावा, इतकीच अपेक्षा आहे; चालकाची प्रकृती कशी पारखावी याची वेगळी परीक्षा त्याने द्यावी, असे तो कायदा म्हणत नाही. बावीस जीव गेल्यावर अमेरिकेस सुचले ते आपल्या परिवहन खात्याने तसा प्रसंग येण्याची वाट न पाहता करावे.