‘शटडाउन’ म्हणजे नक्की काय? महाकाय रोबोटांचा गेम आणि आपलं तारापूर

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

आजचा भाग नवशिक्यांच्या प्रश्नांचा. महाकाय रोबोटांच्या लढाईचा गेम पहिल्यांदा उघडला की तेच चार-पाच शब्द अडवतात. टन, हीट सिंक, क्रिटिकल, अल्फा स्ट्राइक, शटडाउन. आज एकेक शब्द घेऊ या आणि तो कुठून आला तेही पाहू या.

यातले दोन शब्द, क्रिटिकल आणि शटडाउन, पालघर जिल्ह्यात गेमच्या कितीतरी आधीपासून आहेत. बोईसरच्या एमआयडीसीत शटडाउन हा शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. पण तिथला अर्थ वेगळा आहे, आणि शेजारच्या अणुवीज केंद्रात आणखी वेगळा. आपल्यापैकी बरेच जण त्या केंद्रापासून लोकलच्या एखाद-दोन स्टेशनांवर राहतात, त्यामुळे हा फरक माहीत असलेला बरा.

आधी थोडा इतिहास: हा गेम आला कुठून?

१९८० साली जॉर्डन वाइझमन आणि रॉस बॅबकॉक या दोघांनी अमेरिकेत शिकागोमध्ये फासा नावाची कंपनी काढली. १९८४ मध्ये त्यांनी ‘बॅटलड्रॉइड्स’ नावाचा खेळ बाजारात आणला. खेळ म्हणजे काय, तर षट्कोनी घरांचा नकाशा, फासे, कागद आणि पेन्सिल. रोबोटांची काही चित्रं जपानी ॲनिमेशन मालिकांमधून घेतलेली होती. ‘ड्रॉइड’ या शब्दावर स्टार वॉर्सवाल्या लुकासफिल्मने हक्क सांगितला, म्हणून पुढच्याच वर्षी नाव बदलून ‘बॅटलटेक’ झालं. त्याच घराण्यातला ‘मेकवॉरियर’ १९८९ मध्ये कॉम्प्युटरवर आला. ‘मेकवॉरियर ५’ २०१९ चा. आपल्या फोनवर जो ‘वॉर रोबोट्स’ दिसतो, तो २०१४ मध्ये आलेला, वेगळ्या कंपनीचा. पण त्यातही लढतात ते असेच चालते लोखंडी राक्षस.

प्रश्न १: टन कशाला मोजायचे?

मेक, म्हणजे आत माणूस बसून चालवतो तो रोबोट, बॅटलटेकमध्ये २० ते १०० टनांचा असतो. ३५ पर्यंत हलका, ४० ते ५५ मध्यम, ६० ते ७५ जड आणि ८० पासून पुढे ‘असॉल्ट’. टन म्हणजे तुमचं बजेट. इंजिन, चिलखत, शस्त्रं, दारूगोळा, सगळं त्याच बजेटात बसवायचं. जास्त चिलखत घेतलं की बंदूक लहान होते, मोठं इंजिन घेतलं की चिलखत पातळ होतं.

नवखा खेळाडू शंभर टनी मेक घेतो, त्यावर मिळतील तेवढी शस्त्रं लादतो आणि चौथ्या-पाचव्या फेरीत उभ्या उभ्या मार खातो. कारण त्याने टन मोजले, उष्णता मोजली नाही.

प्रश्न २: हीट सिंक म्हणजे काय?

शस्त्र चालवलं की उष्णता तयार होते. मध्यम लेझर ३ अंक उष्णता देतो. पीपीसी नावाची मोठी तोफ १० देते. नुसतं चाललात तरी १, पळालात तर २. ही उष्णता बाहेर टाकणारा भाग म्हणजे हीट सिंक. साधा हीट सिंक एका फेरीत १ अंक बाहेर काढतो. एक फेरी म्हणजे गेममधले दहा सेकंद.

आता ‘वॉरहॅमर’ नावाचा सत्तर टनी मेक घ्या. त्याच्या मूळ रूपात १८ हीट सिंक आहेत. तुम्ही पळत पळत सगळी शस्त्रं एकदम झाडली. यालाच अल्फा स्ट्राइक म्हणतात. दोन पीपीसींचे २०, दोन मध्यम लेझरचे ६, दोन लहान लेझरचे २, क्षेपणास्त्रांचे ४ आणि पळण्याचे २. एकूण ३४. त्यातले १८ गेले, अंगावर राहिले १६.

१६ म्हणजे तुमचा वेग कमी होतो, नेम चुकायला लागतो आणि मेक बंद पडू नये म्हणून फासे टाकावे लागतात. पुढच्या फेरीत पुन्हा तेच केलंत की आकडा ३२. तीसला मेक आपोआप बंद. मधे १९ च्या पुढे गेलात की पोटातला दारूगोळा फुटण्याची भीती वेगळीच.

म्हणून जाणते खेळाडू पाण्यात उभे राहतात. गेमचा नियमच आहे, पाण्यात बुडालेले हीट सिंक जास्त काम करतात.

तारापूरचं केंद्र समुद्राला लागून का आहे, याचं एक मोठं उत्तर इथेच मिळतं. अणुभट्टीत तयार झालेल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते. उरलेली कुठेतरी सोडावी लागते. तारापूरमध्ये समुद्राचं पाणी आत घेतात, टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ त्याने थंड करतात आणि कोमट झालेलं पाणी परत सोडतात. तारापूरचा हीट सिंक म्हणजे अरबी समुद्र.

आणि उष्णता नीट हाताळता आली नाही की काय होतं? गेममध्ये मेक मंदावतो. तुमच्या फोनमध्ये तासभर गेम खेळल्यावर प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. तारापूरची पहिली दोन युनिटं प्रत्येकी २१० मेगावॉटची होती. वाफ तयार करणाऱ्या दुय्यम जनित्रांच्या नळ्या गळायला लागल्या, ती जनित्रं बाजूला काढावी लागली आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर दोन्ही युनिटांची क्षमता १६० मेगावॉटवर आणली गेली. इंधन होतं, टर्बाइन होतं. उष्णता वाहून नेण्याची वाट अरुंद झाली, म्हणून ताकद उतरली. साधारण त्याच वर्षांत तिकडे शिकागोत हीट सिंकचे नियम छापून येत होते. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण हिशेब एकच आहे.

प्रश्न ३: ‘क्रिटिकल’ झालं तर घाबरायचं का?

गेममध्ये, हो. चिलखत फुटून मार आतल्या सांगाड्याला लागला की क्रिटिकल हिटसाठी फासे टाकतात. इंजिनाला एक क्रिटिकल बसला की दर फेरीला ५ अंक जादा उष्णता. तिसरा बसला की मेक संपला.

अणुभट्टीच्या भाषेत मात्र क्रिटिकल होणं म्हणजे सुरू होणं. युरेनियमचा एक अणू फुटतो, त्यातून सुटलेला न्यूट्रॉन दुसरा फोडतो, आणि ही साखळी न वाढता, न विझता स्वतःच्या बळावर चालू राहते. त्या स्थितीला क्रिटिकल म्हणतात. तारापूरचं पहिलं युनिट १ फेब्रुवारी १९६९ ला क्रिटिकल झालं, दुसरं त्याच महिन्याच्या २८ तारखेला. २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यावसायिक वीज मिळायला लागली. भारतातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. म्हणजे ‘तारापूर क्रिटिकल झालं’ ही त्या वर्षीची आनंदाची बातमी होती. आज असा मेसेज कुणी व्हॉट्सॲपवर फिरवला तर काय धावपळ होईल, विचार करा.

प्रश्न ४: शटडाउन झाल्यावर मेक पुन्हा उठतो कसा?

आजचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. गेममध्ये मेक बंद पडला की उष्णता तयार होणं थांबतं. हीट सिंक मात्र चालू राहतात. आकडा उतरत जातो आणि १४ च्या खाली आला की मेक आपोआप उठतो. तेवढ्यात शत्रूने गाठलं नाही तर तुम्ही वाचलात. म्हणजे गेममध्ये शटडाउन ही विश्रांती आहे.

गेमवाल्यांचं यात चुकलेलं नाही. बॅटलटेकचा मेक फ्यूजनवर चालतो, म्हणजे हलके अणू एकत्र जोडून. ती प्रक्रिया थांबवली की जवळजवळ थांबतेच. असं इंजिन आज कुणाकडेच नाही, पण त्यांच्या जगात नियम बरोबर आहे.

तारापूर चालतं फिशनवर, म्हणजे जड अणू फोडून. फोडलेल्या अणूंचे तुकडे स्वतःच किरणोत्सर्गी असतात आणि साखळी थांबली तरी ते तापत राहतात. समजा भट्टी १०० भाग उष्णता देत होती. बंद केल्या क्षणी साधारण ६ ते ७ भाग उरतात. तासाभराने दीडच्या आसपास. दुसऱ्या दिवशीही अर्धा भाग. ऐकायला कमी वाटतं. पण १०० भाग म्हणजे शेकडो मेगावॉट उष्णता असेल, तर अर्धा भागसुद्धा काही मेगावॉट होतो, आणि त्याला बटण नाही. पाणी फिरवत राहणं एवढाच उपाय.

११ मार्च २०११ ला जपानमध्ये फुकुशिमात हेच घडलं. भूकंप होताच चालू असलेल्या भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या. शटडाउन यशस्वी! मग त्सुनामी आली, डिझेल जनरेटर बुडाले, पाणी फिरवणं थांबलं आणि बंद असलेल्या तीन भट्ट्यांचं इंधन वितळलं. फुकुशिमातल्या आणि तारापूरच्या जुन्या दोन भट्ट्या एकाच प्रकारच्या, पाणी आतच उकळणाऱ्या, आणि तारापूरच्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने उभारलेल्या. म्हणून फुकुशिमानंतर आपल्याकडे तपासणी झाली तेव्हा तारापूरकडे खास लक्ष होतं. तारापूरच्या जुन्या युनिटांमध्ये इमर्जन्सी कंडेन्सर आहे. वीज गेली तरी नैसर्गिक प्रवाहाने भट्टीची उष्णता काढून घेणारी ही सोय.

आता शब्दाचा तिसरा अर्थ. बोईसरच्या कारखान्यांत शटडाउन म्हणजे वार्षिक दुरुस्ती. तेव्हा यंत्रं शांत असतात आणि माणसं सगळ्यात जास्त राबतात. फिटर, वेल्डर, मचाण बांधणारे, टाक्या साफ करणारे. अनेक कंत्राटी घरांचं वर्षाचं गणित शटडाउनवर बसतं. अणुवीज केंद्रात तर प्रत्येक माणसाला किती किरणोत्सर्ग मिळाला याची नोंद ठेवतात. कायम कामगाराला एका वर्षात ३० मिलिसीव्हर्टच्या वर नाही आणि पाच वर्षांची सरासरी २०. तात्पुरत्या कामगाराला वर्षाला १५. मर्यादा आली की त्याने त्या कामातून बाहेर यायचं.

गेममध्येही पायलटचं वेगळं कार्ड असतं. सहा इजा झाल्या की तो गेला, मग मेक कितीही शाबूत असो. मेकची दुरुस्ती दोन लढायांच्या मधे होते, सहाव्या इजेची होत नाही. नवखे खेळाडू हे कार्ड बघतच नाहीत.

मग लक्षात काय ठेवायचं?

खेळताना: बंदुका मोजण्याआधी हीट सिंक मोजा. अल्फा स्ट्राइक शेवटच्या घावासाठी राखून ठेवा. जवळ पाणी असेल तर त्यात उभे राहा.

आणि गेमबाहेर: तारापूरबद्दल ‘युनिट बंद केलंय’ अशी बातमी आली, तर ‘चला, संपलं’ असंही समजू नका आणि ‘काहीतरी झालं’ म्हणून पळतही सुटू नका. बहुतेक वेळा ती दुरुस्ती किंवा इंधनबदल असतो. विचारायचा प्रश्न एकच: पाणी फिरतंय ना? केंद्राभोवती १६ किलोमीटरच्या पट्ट्यासाठी आणीबाणीची योजना असते. आपलं गाव त्यात येतं का, आणि वेळ आली तर कुठे जमायचं, हे ग्रामपंचायतीत किंवा तहसील कार्यालयात विचारायचा तुम्हाला हक्क आहे. शाळेच्या प्रोजेक्टसाठी विचारलंत तरी चालेल.

पुढच्या भागात चिलखत आणि फाशांचं गणित घेऊ. दोन फाशांवर ७ सगळ्यात जास्त वेळा का पडतो आणि म्हणून मेकच्या छातीलाच मार का बसतो, ते पाहू. तोवर फोन थोडा थंड होऊ द्या. भेटू या!