लाल अक्षर का पसरतं? : टेपवरच्या रंगाची गोष्ट

आजचा विषय वरवर पाहता तांत्रिक आहे, पण त्याच्या मुळाशी एक सामाजिक निर्णय आहे, म्हणून तो निवडला.

१९८५ साली कमोडोर कंपनीचा अमिगा हा संगणक बाजारात आला. त्याला जेनलॉक नावाचं उपकरण जोडलं की संगणकावर केलेली अक्षरं कॅमेऱ्याच्या चित्रावर बसवता येत. १९९० साली न्यूटेकचं व्हिडिओ टोस्टर आलं आणि स्टुडिओचं काम टेबलावर आलं. पण तक्रार कायम राहिली. मॉनिटरवर रेखीव दिसणारं लाल अक्षर व्हीएचएस टेपवर गेलं, की ओल्या कागदावर शाई फुटावी तसं पसरायचं. मग कुणी संगणकाला दोष देई, कुणी केबलला, कुणी टेपला.

यासाठी थोडं मागं जाऊ. १९५० साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगानं सीबीएसच्या रंगीत पद्धतीला मान्यता दिली. रंग उत्तम, पण जुन्या कृष्णधवल संचांवर ते प्रक्षेपण पाहताच येत नसे. असे संच तोवर लाखो घरांत पोचले होते. १९५१ मध्ये काही महिने प्रक्षेपण झालं आणि थांबलं. डिसेंबर १९५३ मध्ये जी एनटीएससी पद्धत मंजूर झाली, तिची अटच होती की जुना संच निकामी होता कामा नये. म्हणजे रंग घ्यायचा, पण जागा वाढवायची नाही.

हे साधलं कसं? फ्रेंच अभियंता जॉर्ज व्हॅलेन्सी यांनी १९३८ मध्येच उजेड वेगळा आणि रंग वेगळा पाठवण्याची कल्पना पेटंटसाठी मांडली होती. आपला डोळा उजेडातले बारीक फरक टिपतो. रंगातले तितके नाही. म्हणून उजेडाला सुमारे ४.२ मेगाहर्ट्झची जागा मिळाली आणि रंगाला त्यातच दाटीवाटीनं बसवलं. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथं जॉन लॉक आठवेल. आकार हा वस्तूचा मूळ गुण आणि रंग दुय्यम, असं तो म्हणाला होता. अभियंत्यांनी लॉक वाचून हे केलं असं मी म्हणत नाही. पण रंगाला दुय्यम नागरिकत्व मिळालं, एवढं खरं.

१९७६ साली जेव्हीसीनं व्हीएचएस आणली तेव्हा ही दाटी आणखी वाढली. टेपवर उजेडाला जेमतेम तीन मेगाहर्ट्झ उरले. रंगाचा संकेत खाली आणून ६३० किलोहर्ट्झच्या आसपास ठेवला आणि त्याला अर्ध्या मेगाहर्ट्झहूनही कमी रुंदी दिली. म्हणजे बघा, अक्षराची कड बारीक कुंचल्यानं काढायची आणि रंग मात्र भिंत रंगवायच्या ब्रशनं भरायचा!

मग लालच का पसरतो? उजेडाच्या हिशेबात हिरव्याचा वाटा सुमारे ५९ टक्के, लालचा ३० आणि निळ्याचा ११. काळ्यावर पांढरं अक्षर असेल तर सगळी कड उजेडात असते, म्हणून ते स्वच्छ दिसतं. निळ्यावर लाल असेल तर उजेडातला फरक थोडाच. अक्षर ओळखायचं ते रंगावरून, आणि रंगाला तर कडच नाही.

आता निदानाचा क्रम आपोआप लागतो. आधी टेप न वापरता तोच संकेत थेट टीव्हीला द्या. तिथंही अक्षर फुटत असेल तर गडबड संगणकाकडून टीव्हीकडे जातानाच आहे. उजेड आणि रंग वेगळ्या तारांनी नेणारी एस-व्हिडिओ जोडणी मिळाली तर ती वापरा. तिथं अक्षर नीट असेल तर टेपची मर्यादा समजा आणि रंग बदला. लालचा भडकपणा कमी करा, अक्षर जाड घ्या, पांढऱ्या किंवा फिक्या पिवळ्या अक्षराला काळी किनार द्या. टेपची टेप शक्यतो काढू नका. दर प्रतीत रंग आणखी उतरतो. नुसतं महाग यंत्र घेऊन भागत नसे. १९८७ च्या एस-व्हीएचएसनं उजेडाची बारकाई पुष्कळ वाढवली, पण रंगाची रुंदी जवळपास तीच राहिली.

आपल्याकडे १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आलं ते पाल पद्धतीनं. तिच्यात रंगाची छटा अधिक स्थिर राहते, पण तडजोड तीच. त्यामुळे लग्नाच्या कॅसेटवर कुंकवाच्या रंगात लिहिलेलं 'शुभविवाह' धूसर दिसलं, तर बिचाऱ्या व्हिडिओवाल्याला किती बोल लावायचा? त्याच्या हातात रंग निवडणं होतं. टेपवर रंगाला किती जागा द्यायची हे नव्हतं. आज त्या कॅसेटी डिजिटल करून घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. जे टेपवर उतरलंच नाही, ते कुठलंही यंत्र परत आणू शकत नाही.

आणि ही गोष्ट संपलेली नाही. तुम्ही हे व्याख्यान ज्या व्हिडिओतून पाहता, त्यातही बहुधा चार ठिपक्यांना मिळून रंगाची एकच नोंद असते. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल अक्षर आलं तर नीट निरखून बघा. जुना संच घरात असलेल्या माणसाला वाऱ्यावर सोडायचं नाही, या १९५३ च्या निर्णयाची किंमत त्या कडेवर दिसते. ती किंमत मला रास्त वाटते. तुम्हाला काय वाटतं, ते प्रश्नोत्तरांत जरूर सांगा.